एल्युसिसचे मौन

अथेन्सच्या पश्चिमेस, आज औद्योगिक नगर असलेल्या एल्युसिस येथे डिमीटरच्या दीक्षामंदिराचे उरले आहेत ते स्तंभांचे बुंधे आणि खडकात कोरलेल्या पायऱ्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासलेखक पौसानिअस कोटाच्या आतील वर्णन स्वप्नात झालेल्या निषेधाचे कारण देऊन टाळतो. ही संहितेतील उणीव मानणे योग्य वाटत नाही. गुप्ततेचे बंधन लेखनात कसे उतरते, हे त्या रिकाम्या जागेतूनच कळते.

१८०१ मध्ये इंग्रज प्रवासी एडवर्ड क्लार्कने येथील भव्य स्त्रीमूर्ती हलवली तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. पीक तिच्यामुळे येते अशी त्यांची श्रद्धा. तिच्याभोवती त्यांनी खत रचले होते. क्लार्कने तिला डिमीटर म्हटले. पुढील अभ्यासकांनी द्वारमंडपाची स्तंभकन्या. या वादात खताच्या ढिगाला पुरावा कोणी मानले नाही. मूर्ती आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे.