ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना गावी यायचंय? तिकिटाआधी परतीचा कागद पाहा

कळंब (ता. इंदापूर) : घरात कुणी सिरीयस झालं किंवा मयत झाली, की परदेशातल्या मुलाला फोन जातो, ‘मिळेल त्या विमानानं निघ.’ पण त्या मुलाचा तिकडच्या कायम रहिवासाचा अर्ज अजून प्रलंबित असेल, तर हे एक तिकीट फार महागात पडू शकतं. भारतात यायला त्याला कुणी अडवत नाही. तो सुखरूप घरी पोचतो. अडचण कळते ती परत जाताना. त्यामुळे ज्यांची मुलं-मुली, सुना-जावई अमेरिका, इंग्लंड, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात आहेत, त्या घरांनी हे नियम आधीच समजून घेतलेले बरे.

अमेरिका : नेमकी अडचण काय?

अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड घ्यायचं असेल, तर आय-४८५ हा फॉर्म भरतात. तो प्रलंबित असताना माणूस परवानगीशिवाय देशाबाहेर गेला, तर त्याने अर्ज सोडून दिला असं तिथलं इमिग्रेशन खातं (यूएससीआयएस) धरतं. अर्ज निकाली निघतो. फी परत मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसासाठी ही फी १,४४० डॉलर झाली आहे.

पैशापेक्षा मोठा तोटा वेळेचा. नोकरीच्या कोट्यात एका देशाला साधारण ७ टक्केच ग्रीन कार्ड मिळतात. भारतातून अर्ज करणारे जास्त, म्हणून आपली रांग दहा-दहा वर्षांहून लांब गेली आहे. कंपनीने भरलेला आय-१४० मंजूर असेल, तर रांगेतली तारीख सहसा टिकते. पण आय-४८५ पुन्हा भरायला आधी अमेरिकेत परत जाता आलं पाहिजे, आणि त्या वेळी आपल्या तारखेचा नंबर लागलेला असला पाहिजे.

परतीचा कागद : अ‍ॅडव्हान्स पॅरोल

यावर उपाय म्हणजे अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी. त्यासाठी आय-१३१ हा फॉर्म भरावा लागतो. तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. नुसता अर्ज केल्याची पावती चालत नाही. मंजूर झालेला कागद हातात आल्यावरच निघायचं.

२. कागदावरची मुदत संपण्याआधी अमेरिकेत परत पोचायचं.

३. हा कागद म्हणजे प्रवेशाची हमी नाही. शेवटचा निर्णय तिथल्या विमानतळावरचा अधिकारी घेतो.

हा कागद असेल तर परत जाण्यासाठी मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाचा शिक्का घ्यायला जावं लागत नाही.

एच-१बी आणि एल-१ वाल्यांना सूट, पण अटीवर

एच-१बी किंवा एल-१ वर नोकरी करणारे, आणि एच-४ किंवा एल-२ वर असलेले त्यांचे नवरा-बायको आणि मुलं, यांना अ‍ॅडव्हान्स पॅरोलशिवाय ये-जा करता येते. आय-४८५ चालू राहतो. मात्र नोकरी त्याच व्हिसावर चालू पाहिजे आणि परत जाताना पासपोर्टवर चालू तारखेचा व्हिसा पाहिजे.

बरेच जण इथेच फसतात. अमेरिकेत राहण्याची मुदत वाढलेली असते, पण पासपोर्टवरचा शिक्का कधीच संपलेला असतो. तिथे राहताना त्याची गरज पडत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. गावी आल्यावर नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि तो किती दिवसांत मिळेल हे कुणी सांगू शकत नाही.

कोरोनाच्या काळात याचा मोठा फटका बसला. ४ मे २०२१ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक व्हिसाधारकांना बंदी घातली. ती ८ नोव्हेंबर २०२१ ला उठली. आई-वडिलांच्या आजारपणाला किंवा अंत्यविधीला आलेले अनेक जण तेव्हा महिनोन्‌महिने इकडेच अडकले. काहींची बायको-मुलं तिकडे आणि स्वतः इकडे, अशी गत झाली. डिसेंबर २०२५ मध्येही एच-१बी आणि एच-४ साठी सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या अनेकांच्या मुलाखती २०२६ मधल्या तारखांवर ढकलल्या गेल्या. ठरलेली सुट्टी संपली तरी शिक्का नाही, अशी वेळ पुन्हा आली.

मुदत संपूनही राहिलेल्यांनी जास्त जपावं

कायदेशीर मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त, पण वर्षापेक्षा कमी राहून देश सोडला, तर परत येण्यावर ३ वर्षांची बंदी लागते. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर १० वर्षांची. एक भारतीय जोडपं अ‍ॅडव्हान्स पॅरोल घेऊन म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी भारतात येऊन गेलं होतं. त्यांच्यावर हीच १० वर्षांची बंदी लावण्यात आली. २०१२ मध्ये तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने निकाल दिला, की असा कागद घेऊन केलेला प्रवास या बंदीसाठी ‘देश सोडणं’ धरता येणार नाही. कागद होता म्हणून ते वाचले, पण त्यासाठी अपिलात लढावं लागलं. अशा माणसाने वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढूच नये.

बाकीच्या देशांत काय?

इंग्लंड : तिथे राहून व्हिसा वाढवण्याचा किंवा कायम रहिवासाचा अर्ज केला, आणि निकालाआधी इंग्लंड-आयर्लंडच्या सामाईक प्रवास क्षेत्राबाहेर गेलं, तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

ऑस्ट्रेलिया : अर्ज प्रलंबित असताना बहुतेकांकडे ब्रिजिंग व्हिसा ‘ए’ असतो. त्यावर बाहेर गेलं की परत येता येत नाही. निघण्याआधी तिथूनच ब्रिजिंग व्हिसा ‘बी’ घ्यावा लागतो.

न्यूझीलंड : अर्जाच्या काळात मिळणारा इंटरिम व्हिसा देश सोडताच संपतो.

कॅनडा : पीआरचा अर्ज प्रलंबित असताना प्रवास करता येतो. पण परत शिरायला चालू व्हिसा लागतो. नवरा किंवा बायकोच्या नावावर कॅनडातूनच अर्ज केला असेल आणि परत जाता आलं नाही, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

आखाती देश : इथे सगळा कारभार कंपनीच्या नावावरच्या रहिवास परवान्यावर चालतो. दुबईसह अमिरातीत सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं, तर साधा परवाना रद्द होऊ शकतो. सौदीतून निघताना परतीची नोंद असलेला एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागतो.

घरच्यांनी काय करायचं?

‘कधी येतोस?’ विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. कुठला अर्ज प्रलंबित आहे? परतीचा कागद हातात आहे का? त्याची मुदत कधीपर्यंत आहे? पासपोर्टवरचा शिक्का चालू आहे का?

अमेरिकेत तातडीच्या कारणासाठी अ‍ॅडव्हान्स पॅरोल लवकर मागता येतो. यूएससीआयएसला फोन करून जवळच्या कार्यालयाची वेळ मागायची, आणि आय-१३१, फोटो व पुरावा घेऊन जायचं. हा पुरावा गावाकडूनच जातो. दवाखान्याच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्यावं. त्यात पेशंटचं नाव, नातं, आजार, दाखल केल्याची तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का हवा. मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत लगेच नोंद करावी. २१ दिवसांची मुदत आहे म्हणून थांबू नये. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर इंग्रजीही असतं, त्यामुळे त्याचा स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. नावाचं स्पेलिंग मुलाच्या पासपोर्टमधल्या आई-वडिलांच्या नावाशी जुळतं का, हे आधीच तपासावं.

तातडीची परवानगी मिळेलच असं नाही. मिळाली तरी अंत्यविधी गाठता येत नाही, पण कधीकधी दहाव्यापर्यंत पोचता येतं. कागद नसेल तर विधी भावकीतल्या कुणीतरी करावेत आणि मुलाने परवानगी आल्यावर यावं. ‘बापाच्या मातीलाही आला नाही’ असं बोलायला लोक मोकळे असतात. त्याचं न येणं हे कागदाचं कारण असू शकतं, हे घरच्यांनीच भावकीला सांगितलेलं बरं.

नियम आणि फी बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावं, किंवा तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला विचारावं. तिकीट विकणाऱ्या एजंटाच्या ‘काही होत नाही’ या शब्दावर जाऊ नये.