मामाचं वावर आणि लिमिटिंग रिएजंट

दिवाळीत चार दिवस वलगावला मामाकडे होतो. पेढी नदीकाठचं गाव, अमरावतीपासून जवळच. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे जाताना इथेच, पेढीच्या पुलाजवळ देह ठेवला. लॅपटॉप मुद्दाम पुण्यात ठेवून गेलो होतो, त्यामुळे मामेबहिणीला मी आयताच मोकळा सापडलो. ती अकरावीला आहे आणि 'लिमिटिंग रिएजंट'च्या गणितांवर अडली होती.

"दादा, ज्याचे ग्रॅम कमी तोच लिमिटिंग ना?"

नाही! बहुतेक सगळे इथेच घसरतात (मीही घसरलो होतो). तिला बैलगाडीचं उदाहरण दिलं. एका गाडीला चाकं दोन, जू एक. आपल्याकडे चाकं दहा आणि जू सात. चाकं जास्त दिसतात, पण गाड्या किती होणार? पाचच. दोन जू नुसती पडून राहणार. तेव्हा प्रत्येक वस्तूपासून एकेकटी किती गाड्या निघतील ते काढायचं. सगळ्यात लहान उत्तर जिचं, ती लिमिटिंग. रसायनशास्त्रात फरक एवढाच की मोजणी ग्रॅमात नाही, मोलमध्ये करायची.

मोल ही कल्पना बरीच नंतरची. पण या हिशेबाची सुरुवात जर्मनीच्या जेरेमियास रिख्टरने केली. अमुक इतक्या आम्लाला अमुक इतकाच अल्क पुरतो, हे त्याने वजनं करकरून मांडलं आणि १७९२ मध्ये या शास्त्राला 'स्टॉइकिओमेट्री' असं जिभेची परीक्षा पाहणारं नाव दिलं. मूलतत्त्वांची मोजदाद, असा त्याचा साधा अर्थ.

हे चाललं असताना मामा ओसरीवर बसून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "दोन सालं झाले, दरसाल डीएपी वाढोतो, पण पऱ्हाटी काही उठत नाही भाऊ. वावर चोपण हाये. उधारी मात्र वाढून रायली."

मामाचं वावर दर्यापूरच्या बाजूला, खारपाण पट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलाय. भूजल खारट, माती काळी आणि चिकट. उधारीचं ऐकून मला गाडगेबाबाच आठवले. त्यांचं लहानपण याच खोऱ्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं आणि त्या मामाची जमीन सावकाराकडे गेली होती.

आता गंमत बघा. 'जे कमी पडतं तेच पीक ठरवतं' हा नियम कार्ल श्प्रेंगेलने १८२८ मध्ये मांडला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिगने गाजवला. आखूड-लांब फळ्यांच्या पिंपाचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. पाणी सगळ्यात आखूड फळीपर्यंतच चढतं. पण खुद्द लीबिगची आखूड फळी ओळखण्यात चूक झाली! पिकाला लागणारा नायट्रोजन हवेतल्या अमोनियातून मिळतो, अशी त्याची समजूत होती. म्हणून १८४५ च्या आपल्या पेटंट खतात त्याने भर दिला तो खनिजांवर. वर पावसाने वाहून जाऊ नयेत म्हणून ती न विरघळणारी केली. खत साफ पडलं. इंग्लंडात रोथॅमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट १८४३ पासून शेतातच प्रयोग करत होते. तिथे दिसलं की गव्हाला कमी पडत होता तो नायट्रोजनच.

म्हणजे नियम पाठ असून भागत नाही. आपल्या शेतात कमी काय आहे ते मोजावं लागतं. सर्व्हर स्लो झाला की काही न मोजता रॅम वाढवणारे आपण काय वेगळे?

मामाच्या वावरात काय होत असेल? याचा धागा १८५० मध्ये सापडतो. जॉन थॉमस वे याने दाखवलं की अमोनियाचं मीठ मातीतून गाळलं तर माती अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. कण फुगतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. उपाय जिप्समचा. एक कॅल्शियम दोन सोडियमना हुसकावतो. बैलगाडीचाच हिशेब!

आम्ही वहीत एक गणित मांडलं (आकडे मानलेले). एकरात ४६० किलो सोडियम काढायचाय आणि हाताशी १००० किलो जिप्सम आहे. वजनाने जिप्सम दुपटीहून जास्त. पण १७२ किलो जिप्सम ४६ किलो सोडियमच काढतं. म्हणजे १००० किलोत निघेल सुमारे २६७ किलो, १९३ किलो तसाच राहील. जिप्सम लिमिटिंग! लागेल १७२० किलो, तेही प्रत्येक कण कामी आला तर.

बहीण खूश. मी मात्र अडलो. एक लिटर पाण्यात जिप्सम विरघळतं जेमतेम अडीच ग्रॅम. १७२० किलोला सुमारे सात लाख लिटर पाणी हवं, म्हणजे एकरभर १७५ मिलीमीटर पाऊस. तेवढा पडतो की!

"पडते नं," मामा म्हणाला. "पण थे वावरातच साचून रायते."

सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून गेला नाही, तर जिप्सम घालून उपयोग काय? मामाच्या शेतात आखूड फळी कदाचित निचऱ्याची असेल. तसं असेल तर डीएपीचं प्रत्येक जादा पोतं म्हणजे आठवं, नववं जू.

हे 'कदाचित' काढायला माती तपासायला हवी. मामाच्या जुन्या रिपोर्टात नत्र, स्फुरद, पालाश होतं, सोडियमचा रकानाच नव्हता. रविवारी वावरात जाऊन आम्ही तिघांनी वेगवेगळ्या जागची माती खणली आणि कापडी पिशवीत भरली. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, मामा या आठवड्यात तिथे जाणार आहे. तोवर नवी उधारी करणार नाही, असं तरी त्याने कबूल केलंय.