आगमनकाळ आणि पाचारण-प्रार्थना : महाराष्ट्रातील मराठी कॅथलिक धर्मग्रामांत

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा कॅथलिक उपासनाकाळ. पाचारण म्हणजे देवाची हाक; विशेष अर्थाने, धर्मगुरू, धर्मबंधू किंवा धर्मभगिनी होण्यासाठी एखाद्या तरुणाला वा तरुणीला आलेली हाक. अशी हाक आपल्यातल्या कुणाला यावी आणि ती ऐकण्याचे बळ त्याला मिळावे, म्हणून धर्मग्राम, म्हणजे एका चर्चचा ख्रिस्ती समुदाय, एकत्र येऊन जी विनवणी करतो ती पाचारण-प्रार्थना. ही प्रार्थना वर्षभर चालते. जागतिक पाचारण-प्रार्थनादिन तर पुनरुत्थानकाळाच्या चौथ्या रविवारी, म्हणजे ‘उत्तम मेंढपाळा’च्या रविवारी येतो; पोप सहावे पॉल यांच्या पुढाकाराने तो १९६४ पासून पाळला जातो. तरीही या प्रार्थनेचे खरे घर आगमनकाळातच आहे, असे त्या काळातली वाचने पाहिली की म्हणावेसे वाटते.

आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत अंद्रियाच्या सणाच्या, सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. त्यामुळे त्याची पहिली तारीख २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येते आणि त्याची लांबी २२ ते २८ दिवस भरते. चर्चचे नवे वर्षही याच रविवारी उजाडते. रविवारच्या शुभवर्तमानाचे तीन वर्षांचे चक्र (मत्तय, मार्क, लूक) तेव्हाच पुढे सरकते. धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, मिस्सा या मुख्य उपासनेतले ‘गौरवगीत’ थांबते, वेदीवरची फुले कमी होतात. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी रंग येतो, कारण तो आनंदाचा रविवार. चार मेणबत्त्यांचे हिरवे चक्र आज बहुतेक चर्चमध्ये दिसते. ते मुळात कॅथलिकांचे नव्हे; १८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथे योहान विखर्न या लुथरन पाळकाने गरीब मुलांच्या वसतिगृहात त्याचे मूळ रूप प्रथम लावले. १७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांत संध्याप्रार्थनेत येणाऱ्या मसीहाला रोज एका नव्या नावाने साद घातली जाते.

जुन्या चर्चकायद्यानुसार (१९१७) आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून नाताळाच्या दिवसापर्यंत विवाहाचा थाटाचा आशीर्वाद देता येत नसे. १९८३ च्या कायद्यात हा निर्बंध राहिला नाही. मराठी वाचकाला यातला एक योग लगेच जाणवेल : तुळशीचे लग्न लागून शेजारच्या हिंदू घरांत लग्नसराई सुरू होते, त्याच सुमारास कॅथलिक घरांत संयमाचे दिवस लागत. चातुर्मास ज्याने घरात पाहिला आहे, त्याला आगमनकाळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पाचारणाचा धागा या दिवसांच्या वाचनांतून जागोजागी दिसतो. सुरुवातीलाच संत अंद्रियाचा सण : गालील सरोवरात जाळे टाकणाऱ्या दोघा भावांना येशू हाक मारतो आणि ते जाळी तिथेच टाकून निघतात. वसईच्या पाचूबंदर, किल्लाबंदर भागांतल्या ख्रिस्ती कोळ्यांना ही गोष्ट पुस्तकातली वाटत नाही. जाळे टाकून जाणे म्हणजे घरचे पोट टाकून जाणे, हे त्यांना ठाऊक असते. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण येतो. ते मे १५४२ मध्ये गोव्यात उतरले. १९२७ मध्ये संत तेरेज यांच्यासह त्यांना मिशनकार्याचे आश्रयदाते घोषित करण्यात आले. जुन्या गोव्यात त्यांच्या सणाआधीची नऊ दिवसांची नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते, त्यामुळे कोकणपट्टीत आगमनकाळाचा उंबरठा बहुधा या नोव्हेनेतच ओलांडला जातो.

मग येतो पहिल्या आठवड्याचा शनिवार. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात, मत्तयाच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस, मेंढपाळाविना भटकणाऱ्या मेंढरांसारखे लोक पाहून येशूला कळवळा येतो. कापणीला आलेले पीक अमाप आहे, राबणारे हात मात्र थोडे आहेत. म्हणून शेताच्या धन्याकडेच कामकरी मागा, असे तो शिष्यांना सांगतो. पाचारण-प्रार्थनेचा उगम हाच. सातारा जिल्ह्यात वेण्णेकाठी वसलेल्या मेढ्याच्या परिसरात, जावळीच्या खोऱ्यात, तेव्हा भाताची कापणी नुकतीच उरकलेली असते. पीक उभे आहे आणि माणूस मिळत नाही, ही चिंता तिथल्या शेतकऱ्याला नवी नाही. त्यासाठीच त्याने सावड आणि इर्जिक उभी केली. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. शुभवर्तमानातल्या त्या मागणीचा सर्वांत सरळ अर्थ या दोन शब्दांत सापडतो. कामकरी मागणाऱ्याने आपल्याही घरचा माणूस द्यायचा असतो.

हा अर्थ २२ डिसेंबरच्या वाचनात उघडच होतो. त्या दिवशी हन्नाची कथा वाचली जाते. बरीच वर्षे मूल नसलेली ही स्त्री नवसाने झालेला शमुवेल दूध सुटताच मंदिरात आणते आणि देवाच्या स्वाधीन करते. महाराष्ट्रात देवाला मूल वाहण्याच्या रूढी जुन्या आहेत. खंडोबाच्या वाघ्या-मुरळ्यांची आठवण इथे सहज होते. पण चर्चची आजची शिकवण या ठिकाणी अगदी स्पष्ट आहे : पुरोहितदीक्षा घेण्यास कुणावरही कोणत्याही कारणाने सक्ती करणे चर्चकायद्याला (कलम १०२६) पूर्णपणे निषिद्ध आहे. आईवडिलांनी प्रार्थना करावी, वाट मोकळी ठेवावी. उत्तर मुलाचे किंवा मुलीचे स्वतःचे असले पाहिजे. म्हणूनच आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी आळीपाळीने येणारी तीन शुभवर्तमाने महत्त्वाची ठरतात : एका वर्षी योसेफाला पडलेले स्वप्न, दुसऱ्या वर्षी देवदूताला मरियेने दिलेला होकार, तिसऱ्या वर्षी मरियेने घेतलेली अलीशिबेची भेट. यांत कुणालाच ओढून नेलेले नाही. मरिया तर आधी प्रश्न विचारते आणि मग हो म्हणते.

धर्मग्रामातले या दिवसांचे जीवन साधे असते, पण भरगच्च. आळीआळीतले लघू ख्रिस्ती समूह संध्याकाळी एकेका घरी जमतात. माळेची प्रार्थना होते, शुभवर्तमानातला उतारा वाचला जातो, त्यावर घरातली माणसे आपापल्या शब्दांत बोलतात. पापनिवेदनासाठी शेजारच्या धर्मग्रामांतले फादरही मदतीला येतात. तरुण मंडळी नाताळगीतांचा सराव करतात, गोठ्याची जुळवाजुळव करतात. पवित्र साक्रामेंताच्या आराधनेत पाचारणासाठी खास विनंत्या म्हटल्या जातात आणि रविवारच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्यांना जागा मिळते. या साऱ्यांत घरातली प्रार्थनाच सर्वांत मोलाची मानावी लागेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या पुरोहित-प्रशिक्षणावरील आदेशात पाचारण जोपासण्याचे कर्तव्य संपूर्ण ख्रिस्ती समाजाचे आहे असे म्हटले, तेव्हा पहिला मान कुटुंबाला दिला. १९८३ च्या कायद्याचे कलम २३३ तेच सांगते.

मराठी कॅथलिकांच्या इतिहासात या प्रार्थनेला आणखी एक अर्थ आहे, तो भाषेचा. इंग्रज जेज्विट (येशूसंघीय) थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. त्याचे पहिले पुराण जुन्या कराराचे, म्हणजे वाट पाहण्याचे. दुसरे ख्रिस्तजन्मापासून पुढचे. एका परक्याने ओवी आपलीशी केली. पण मराठी मातीतला पुरोहित मिळण्यास समाजाला फार काळ थांबावे लागले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागातले कॅथलिक मिशन १८७८ पासून मुख्यतः जर्मन भाषक जेज्विटांनी उभे केले. त्यांच्यापैकी हेन्‍री डोरिंग यांनी १९०३ मध्ये केंदळ येथून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन मिशनऱ्यांना स्थानबद्ध करून मायदेशी धाडले. डोरिंग यांनाही बरीच वर्षे पुण्याला परतता आले नाही. मधल्या काळात ते जपानमध्ये हिरोशिमा येथे धर्माधिकारी होते आणि १९२७ नंतर पुण्याला आले. युद्धामुळे गावोगावचे नवे ख्रिस्ती समाज असे एकाएकी मेंढपाळाविना झाले होते. स्थानिक पाचारण ही केवळ भक्तीची हौस नसून समाजाच्या जगण्याची गरज आहे, हे त्या वर्षांनी शिकवले. पुण्याला पहिले भारतीय बिशप, अँड्र्यू डिसोझा, १९४९ मध्ये मिळाले. १९८७ मध्ये पुण्यापासून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि जेज्विट थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले. दरम्यान ४ डिसेंबर १९६३ च्या, आगमनकाळातच घोषित झालेल्या, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने मिस्सेत लोकभाषेला वाट करून दिली होती. लॅटिन मिस्सा कोणत्याही देशाचा पुरोहित म्हणू शकत असे. मराठी मिस्सेला आणि मराठी प्रवचनाला मराठीत विचार करणारा माणूस लागतो.

तो माणूस मोठ्या प्रमाणावर वसईने दिला. पोर्तुगीजांकडे १५३४ मध्ये गेलेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेली ही भूमी. सत्ता गेली, पण सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी अशा समाजांतला ख्रिस्ती विश्वास टिकला आणि त्यांच्या बोलीही टिकल्या. वसईचे पहिले मोठे पाचारण गोन्सालो गार्सिया यांचे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर वसईत जन्मलेला हा तरुण जेज्विटांबरोबर जपानला गेला, त्यांच्या संघात प्रवेश मिळावा म्हणून झटला. तो मिळाला नाही. मग मनिला येथे तो फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाला, जपानला परतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. ज्या तरुणाला एका दारातून नकार आला आहे, त्याच्यासाठी गोन्सालोची कथा कोणत्याही उपदेशापेक्षा मोठी आहे. धर्मगुरू न होता, साध्या धर्मबंधूच्या पदावर राहून त्याने आपली हाक पुरी केली.

वसई धर्मप्रांत २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा स्थापन झाला. पापडीचे कृपामाता चर्च त्याचे कॅथेड्रल. पहिले बिशप थॉमस डाबरे हे वसईचेच. संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर त्यांनी प्रबंध लिहिला, तो १९८७ मध्ये पुस्तकरूपाने आला. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन दीर्घकाळ केले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. ही पाचारणे एखाद्या संस्थेच्या योजनेतून आली नाहीत. संध्याकाळी ओटीवर माळ म्हणणाऱ्या घरांतून ती आली. गावातला मुलगा दीक्षा घेऊन पहिली मिस्सा करायला घरी येतो तो दिवस आजही वसईत साऱ्या गावाचा असतो.

वसईबाहेर चित्र वेगळे आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात मोडतात. २००५ मध्ये सिंधुदुर्ग, रत्नागिरी व कोल्हापूर मिळून सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, तरी हे दोन पुण्याकडेच राहिले. वाई, सातारा, मिरज या भागांत प्रोटेस्टंट मिशनांचे काम जुने आणि मोठे. कॅथलिक वस्ती तुलनेने विरळ. नोकरीनिमित्त, शाळा-इस्पितळांच्या निमित्ताने आलेली कुटुंबे तीत मिसळलेली आहेत. पाचगणीतले सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट (१८९५) हे या टापूतल्या कॅथलिक शिक्षणकार्याचे जुने ठिकाण. धर्मग्राम हा कायद्याने प्रदेशाला बांधलेला असतो, म्हणजे घर एकटे असले तरी ते कुठल्यातरी धर्मग्रामाचे असतेच. वसईत चर्चची घंटा घरात ऐकू येते. मेढ्यासारख्या डोंगरी तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबाला रविवारच्या मिस्सेसाठी घाटवाट किंवा एसटी धरावी लागते. अशा घरात आगमनकाळ प्रामुख्याने जेवणाच्या टेबलावरच पाळला जातो : चार मेणबत्त्या, एक उतारा, एक माळ. पीक पसरलेले आहे आणि कामकरी थोडे आहेत, हे वाक्य या घरांना वसईपेक्षा अधिक टोचते. वसईचे डाबरे २००९ मध्ये पुण्याचे बिशप झाले आणि २०२३ पर्यंत राहिले. त्या चौदा वर्षांत सातारा-सांगलीच्या कॅथलिकांचा मेंढपाळ तुकारामांचा अभ्यासक होता. एका गावाने मागितलेला कामकरी दुसऱ्या गावाच्या शेतात कसा उभा राहतो, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

हाक आल्यानंतरची वाट लांब असते. मुलगा आधी धर्मप्रांताच्या लहान सेमिनरीत, मग तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकण्यासाठी मोठ्या सेमिनरीत जातो. पुणे हे त्या शिक्षणाचे देशातले मोठे केंद्र : पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये कँडी येथे स्थापलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली आणि तिथल्याच ज्ञानदीप या शिक्षणसंस्थेत देशभरचे विद्यार्थी शिकतात. पुरोहितदीक्षेसाठी किमान वय पंचवीस. या वर्षांत काही जण परत फिरतात. त्यात उणेपणा मानू नये, कारण परत फिरणे हेही एक प्रामाणिक उत्तर आहे. धर्मभगिनींचा मार्ग वेगळा, व्रते तीच : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. पाचारणाची गोष्ट निघाली की मराठी लेखनात धर्मगुरूंचीच नावे पुढे येतात. खेड्यापाड्यांतले दवाखाने, वसतिगृहे, शाळा ज्यांनी चालवल्या त्या सिस्टरांची नोंद कमी झाली आहे, आणि ही उणीव भरून काढायला हवी.

२०२६ साली आगमनकाळ रविवार, २९ नोव्हेंबर रोजी सुरू होतो. पिकाचा आणि कामकऱ्यांचा उतारा शनिवारी, ५ डिसेंबरला वाचला जाईल. हन्नाची कथा २२ डिसेंबरला.