ग्वाल्हेरची हिवाळी राजधानी

सीमाप्रश्नाची चर्चा निघाली की ग्वाल्हेरचे नाव हटकून निघते आणि ते दोन परस्परविरोधी कारणांसाठी निघते. आपले विरोधक म्हणतात, ग्वाल्हेर-इंदूरची मराठी माणसे हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदली, मग बेळगाव-निपाणीकरांनाच कानडी मुलूख का बोचावा? आपल्यातले काही जण नेमके उलट सांगतात: ग्वाल्हेरकडे पाहा, गप्प बसलेल्यांच्या भाषेचे काय होते ते तिथे दिसेल. आमच्या मते दोन्ही बाजू ग्वाल्हेरचा इतिहास न पाहता बोलतात. तिथेही रहिवाशांची मते दुभंगलेली होती, तिथेही शासनाने ती शमवण्याचे उपाय योजले, आणि त्या उपायांपैकी एक तर आज आपल्या दारात उभा आहे.

दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी दिली. ती छावणी उठलीच नाही. तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले, आणि शिंदे की छावनी, निंबाळकर की गोठ ही नावे तिथे आजही नांदतात. या शहरात मराठी आली ती सरदार, कारकून, पुरोहित आणि गवयांच्या बिऱ्हाडांबरोबर. वेशीबाहेर पडले की शेतकऱ्याची भाषा हिंदीच होती. ही गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. ग्वाल्हेरची मराठी शहराची आणि दरबाराची होती, तर आपली मराठी बांधावरची आणि बाजारातली आहे. बेळगावच्या पश्चिमेकडील गावांतून चंदगडला चालत जाणाऱ्या माणसाला वाटेत भाषा बदलावी लागत नाही. ग्वाल्हेरकराला मराठी मुलूख गाठायचा तर शेकडो मैल ओलांडावे लागत.

म्हणून ती मराठी दुबळी होती असे मात्र नव्हे. राजकवी भा. रा. तांब्यांची कविता त्याच शहरात बहरली. 1928 चे मराठी साहित्य संमेलन माधव श्रीहरी अणे यांच्या अध्यक्षतेखाली ग्वाल्हेरला भरले आणि त्यापुढचे, 1929 चे, शि. म. परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या बेळगावला. मराठीच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना एका वर्षाच्या अंतराने मान मिळाला, हा योग आम्हाला फार सूचक वाटतो.

स्वातंत्र्यानंतर मात्र वाटा फुटल्या. 28 मे 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारत संघाचे उद्घाटन झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानी कोठे असावी यावर दोन्ही शहरांचे पटेना. ग्वाल्हेरला आपल्या मोठ्या संस्थानाचा आणि तयार कारभाराचा अभिमान, तर इंदूरला गिरण्यांचा, व्यापाराचा आणि माळव्यातील मध्यवर्ती स्थानाचा. शेवटी तोड निघाली ती अशी: हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. उच्च न्यायालय ग्वाल्हेरला, पण त्याचे एक खंडपीठ इंदूरला. उन्हाने तापणाऱ्या ग्वाल्हेरला हिवाळा द्यावा आणि इंदूरला उन्हाळा, एवढा व्यवहार त्यात खासच होता.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. हा वाद ज्या दोन शहरांत चालला ती दोन्ही मराठी राजघराण्यांची. वकील, शिक्षक, कारकून या वर्गात दोन्हीकडे मराठी माणूस भरपूर. पण ग्वाल्हेरचा मराठी माणूस ग्वाल्हेरसाठी भांडला आणि इंदूरचा इंदूरसाठी. मतभेदाची रेघ शहरावरून गेली, भाषेवरून गेलीच नाही. त्यात त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यापुढचा प्रश्नच तसा होता. शहराचा मान वाटून देता येतो. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, हे खाते इकडे, ते खाते तिकडे. शेतकऱ्याचा सातबारा कोणत्या भाषेत असावा हा प्रश्न असा ऋतूंत वाटता येत नाही.

पुढे राज्य पुनर्रचना आयोग आला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर या तिघांनी 104 ठिकाणी भेटी दिल्या, 9,000 हून अधिक माणसांचे म्हणणे ऐकले. त्यांच्याकडे 1,52,250 लेखी निवेदने आली. आयोगाच्याच हिशेबाने त्यांतली नीट विचार करून लिहिलेली 2,000 च्या आसपास. लोकांना विचारले नाही असे म्हणता येणार नाही. पण विचारणे आणि मोजणे यांत फरक आहे, आणि मतमोजणी कोठेच झाली नाही. मध्य भारताचे वेगळे अस्तित्व संपले. आयोगाने नव्या मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून जबलपूर सुचवले होते, झाले भोपाळ. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ग्वाल्हेरची हिवाळी राजधानीही गेली आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला गेले.

नाराज शहराची समजूत कशी घातली गेली? राजस्व मंडळ, परिवहन आयुक्त, अबकारी आयुक्त, भूमी अभिलेख ही कार्यालये ग्वाल्हेरला ठेवली गेली. न्यायालयाबाबत राज्य पुनर्रचना कायद्याचे कलम 51 उपयोगी पडले. त्याच्या तिसऱ्या पोटकलमानुसार राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती अन्य ठिकाणी न्यायासन भरवू शकतात. दुसऱ्या पोटकलमानुसार राष्ट्रपती कायम खंडपीठ स्थापू शकतात. ग्वाल्हेर आणि इंदूरला आधी तात्पुरती पीठे मिळाली आणि 28 नोव्हेंबर 1968 च्या राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने ती कायम झाली. मध्ये बारा वर्षे गेली. हेच तिसरे पोटकलम ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरच्या सर्किट बेंचला कामी आले, हे आमच्या व्यवसायबंधूंना सांगायला नको.

त्याच आयोगाने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा कर्नाटकाला दिला. तेव्हापासूनच्या सगळ्या हकिगतीची उजळणी येथे करीत नाही. फक्त दोन वर्षे पाहू. 2005 मध्ये बेळगाव महानगरपालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, आणि कर्नाटक शासनाने ती महापालिकाच बरखास्त केली. 2006 मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन प्रथमच बेळगावात भरले. 2012 मध्ये सुवर्ण विधानसौध उभे राहिले. आता तिथे हिवाळी अधिवेशन भरते. ग्वाल्हेरला मिळाला होता तोच हिवाळा! फरक एवढाच की ग्वाल्हेरने राजधानी मागितली होती आणि तिला अर्धी राजधानी मिळाली. बेळगावने अधिवेशन मागितले नव्हते.

आता आपल्यातील मतभेदाकडे वळू, कारण हे लिहिण्याचे खरे निमित्त तेच आहे. एका बाजूचे म्हणणे, महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हाच एक मार्ग. तोवर मराठीतून कागदपत्रे द्या, फलक लावा अशा मागण्या करणे म्हणजे कर्नाटकाचा अंमल मान्य करणे. दुसरी बाजू, विशेषतः तरुण मंडळी, म्हणते की दाव्याच्या निकालापर्यंत मुलांनी कोणत्या भाषेतला दाखला घ्यायचा? पहिल्या बाजूच्या निष्ठेबद्दल आम्हाला आदर आहे, पण तिचा कायद्याचा आधार कच्चा आहे. दावा घटनेच्या कलम 131 खालचा असून तो महाराष्ट्र राज्याचा आहे. बेळगावच्या एखाद्या नागरिकाने मराठीत उतारा मागितला म्हणून त्या राज्याचा हक्क बुडत नाही. कलम 350 अन्वये राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, हे केंद्राचे धोरण तर 1956 चेच आहे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ही टक्केवारी कधीच गाठता आली नसती. आपण ती गाठतो आणि तरी अर्ज करीत नाही.

ग्वाल्हेरच्या वकिलांनी तात्पुरत्या पीठापुढे बारा वर्षे वकालतनामे दाखल केले. त्यामुळे कायम पीठ मिळण्यास कोणतीही बाधा आली नाही. आणि 1961 मध्ये, राजधानी जाऊन पाच वर्षे झालेली असताना, त्याच शहराने पुन्हा मराठी साहित्य संमेलन भरवले. अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. मराठीच्या या व्यासपीठावर पहिली स्त्री अध्यक्ष बसली ती पुण्या-मुंबईत नव्हे, ग्वाल्हेरमध्ये.