वक्तृत्वाचे चौथे अंग

सभा जिंकण्याचे शास्त्र जन्मले ते जमिनीच्या तंट्यांतून. इ.स.पू. पाचव्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूज नगरीत जुलमी राजवट कोसळली आणि बळकावलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी नागरिकांना न्यायसभेपुढे स्वतः उभे राहणे भाग पडले. त्यांच्यासाठी कोरॅक्स आणि टिसियस यांनी भाषणाचे नियम बांधले, असे परंपरा सांगते. पुढच्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांची भावना आणि युक्तिवाद अशी मन वळवण्याची तीन साधने सांगितली. तिथून आपण रोमला आलो की इ.स.पू. पहिल्या शतकातला, हेरेनियस नावाच्या कुणाला उद्देशून लिहिलेला एक निनावी ग्रंथ भेटतो. तो शतकानुशतके सिसेरोच्या नावावर खपला. त्यात वक्तृत्वाची पाच अंगे आहेत: मुद्दे शोधणे, त्यांची मांडणी, भाषा, स्मरण आणि सादरीकरण. ओळखीच्या वास्तूच्या कोनाकोपऱ्यांत मुद्द्यांची चित्रे मनाने ठेवायची आणि बोलताना तिथून फिरत ती उचलायची, ही चौथ्या अंगाची युक्ती.

पुढे छापखाना आला, स्मरणाचा भार कागदाने उचलला, आणि सोळाव्या शतकात पॅरिसच्या पेत्रुस रामुसने शोध आणि मांडणी तर्कशास्त्राकडे सोपवून वक्तृत्वाला केवळ भाषा आणि सादरीकरण ठेवले; स्मरण वेगळे अंग म्हणून उरलेच नाही. ते परतले व्यापाराच्या वाटेने. न्यूयॉर्कच्या वायएमसीएत 1912 पासून भाषणाचे वर्ग घेणाऱ्या डेल कार्नेगींनी 1926 साली व्यावसायिकांसाठी पुस्तक काढले. त्यात स्मरणशक्तीवर स्वतंत्र प्रकरण होते, मात्र भाषण शब्दशः पाठ करण्याला त्यांचा विरोध होता.

1987 साली मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आले आणि वक्त्याची टिपणे खिशातून थेट भिंतीवर गेली. वक्ता श्रोत्यांबरोबर तीच वाचू लागला. 2003 साली एडवर्ड टफ्टी यांनी त्यातल्या तुटक मुद्द्यांवर घणाघाती पुस्तिका लिहिली. 2008 साली गार रेनॉल्ड्स आणि नॅन्सी दुआर्ते यांच्या पुस्तकांनी पडद्यावर शब्द थोडे आणि चित्र ठळक ठेवायला शिकवले. आज सादरीकरणाची पुस्तके चाळताना आपण या टप्प्यावर उभे असतो. पडद्यावरचे शब्द उतरवले की ते वक्त्याच्या डोक्यात असावे लागतात. रामुसने वगळलेले चौथे अंग नव्या पुस्तकांनी नाव न घेता पुन्हा अभ्यासक्रमात घेतले आहे.