एक नळी, एक कडी

श्रोतेहो, बंदुकीची हकीकत बहुधा लढाईपासून सुरू होते. आज मी ती एका तहसीलदारांच्या जुन्या बंदुकीपासून सुरू करणार आहे.

साल १९०७. कुमाऊँच्या डोंगरांत, चंपावत गावाच्या आसपास एक वाघीण माणसे खात होती. नेपाळातून हुसकली गेलेली ही वाघीण. दोन्हीकडे मिळून तिने ४३६ माणसे मारली, असा आकडा जिम कॉर्बेट याने नोंदवून ठेवला आहे. बायका गवताला जाईनात, माणसे दारे लावून घरात बसली. मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेणारा, नुकती तिशी ओलांडलेला हा कॉर्बेट तिच्या मागावर निघाला. गावकऱ्यांनी हाका घातला. वाघीण बाहेर पडली. आणि कॉर्बेटपाशी काडतुसे होती अवघी तीन!

तिन्ही उडाली. पहिली चुकली, पुढच्या दोन लागल्या, पण वाघीण काही पडेना. तेव्हा हा पठ्ठ्या धावत तहसीलदारांकडे गेला आणि त्यांची बंदूक घेऊन आला. जवळ येऊन बघतो तर काय, नळ्या आणि मागचे बूड यांच्यामध्ये चांगली फट पडलेली. बार उडताना बंदूक आपल्याच तोंडावर फुटायची, अशी तिची अवस्था. तरी त्याने सुमारे वीस फुटांवरून वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली ती पंजाला! वाघीण आधीच्या दोन गोळ्यांनी मरणाला टेकली होती, म्हणून निभावले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वाघीण मेल्यावर तिचे तोंड पाहिले, तेव्हा उजव्या बाजूचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. वरचा अर्धा तुटलेला, खालचा पार हाडापर्यंत गेलेला. ही पूर्वी कधीतरी लागलेल्या गोळीची खूण होती. अधू झालेल्या जनावराला रानातले नेहमीचे भक्ष्य मारता येईना, म्हणून ते माणसाकडे वळले, असे कॉर्बेटचे म्हणणे. कुणा शिकाऱ्याची एक गोळी दोन बोटे चुकली असेल. त्या चुकीची किंमत शेकडो घरांनी मोजली. म्हणून शिकारीची बंदूक नेमकी असणे ही चैनीची बाब नव्हती. प्रश्न एवढाच होता की, नेमकी बंदूक सामान्य माणसाला परवडावी कशी?

त्या काळी काय काय मिळत होते ते पाहू. खेड्यात असायची ती ठासणीची बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे गोळी जरा दूर गेली की भरकटे. रायफलीच्या नळीत मळसूत्राच्या आट्यांसारखे पीळ पाडलेले असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती गरगर फिरते आणि भोवऱ्यासारखी तोल धरून सरळ जाते. बडे साहेब आणि संस्थानिक यांच्याकडे दुनळी रायफल असे. तिच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर नळ्यांच्या तोंडाशी पाचर घाली, बार काढून पाही, पाचर सरकवी, पुन्हा बार काढी. हे सगळे काम हाताचे आणि सबुरीचे. म्हणून ती रायफल साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर होती.

यावर तोड निघाली ती दाराच्या कडीने. आपण दाराची कडी सरकवतो आणि फिरवून अडकवतो ना, अगदी तीच युक्ती. नळीच्या मागे पोलादाचा एक दांडा. मूठ उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत जाते. मूठ खाली दाबली की दांडा खाचेत घट्ट अडकतो. यालाच बोल्ट म्हणतात. प्रशियात योहान ड्रायझ याने बनवलेली अशी बंदूक सैन्याने १८४१ साली पत्करली. तिच्या सांध्यातून जळता वायू गळे, म्हणून शिपाई तोंड बाजूला धरीत. पण १८६६ साली क्योनिगग्रेट्झच्या रणांगणावर प्रशियाचे शिपाई आडवे पडून बार भरीत होते, आणि ऑस्ट्रियाच्या शिपायांना ठासणीसाठी उभे राहावे लागत होते. निकाल काय लागला ते इतिहासात आहेच.

पुढे ओबर्नडॉर्फ गावच्या पाउल आणि विल्हेल्म माउझर या भावांनी ही कडी सुधारली. विल्हेल्म १८८२ साली वारला, पाउलने काम चालू ठेवले. १८९८ साली जर्मन सैन्याने घेतलेली त्याची रायफल पुढच्या कितीतरी रायफलींची आई ठरली. दांड्याच्या पुढच्या टोकाला दोन कान, ते काडतुसाच्या अगदी मागेच पोलादात अडकतात. जादा सुरक्षिततेसाठी मागे तिसरा कान. काडतूस सारखे घट्ट धरले जाते, नळी एकच, तेव्हा दोन नळ्या जुळवण्याची यातायातच नाही. आणि सैन्याला लागतात लाखो रायफली. एकाच मापाचे सुटे भाग यंत्रावर निघू लागले की किंमत उतरणारच. नेमकेपणा आणि स्वस्ताई एकाच घरात नांदू लागली ती अशी.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला बक्षीस दिली ती हीच जात: लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझरच्या कडीवर बांधलेली .२७५ बोअरची रायफल. बिचाऱ्या तहसीलदारांनाही ह्यूएटसाहेबांनी एक बंदूक दिली, हे मला फार आवडते. ही .२७५ दिसायला हलकी, गोळी बारीक. पण १९२६ साली रुद्रप्रयागजवळ, यात्रेच्या वाटेवर १२५ माणसे खाणारा बिबळ्या कॉर्बेटने याच बोअरच्या रायफलीने, रात्री, टॉर्चच्या क्षणभराच्या उजेडात एका गोळीने मारला. मोठी गोळी हवी असे नाही. जागेवर लागणारी हवी.

किंमत आणखी खाली आली ती अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या जुन्या रायफली तिथे ढिगांनी विकायला निघाल्या. लोक त्या घेत, वरचे जास्तीचे लाकूड कापून टाकीत आणि शिकारीला नेत. १९४८ साली रेमिंग्टन कारखान्याने '७२१' ही रायफल काढली. तिचा मुख्य भाग गोल सळईपासून लेथवर कातलेला. लेथचे काम स्वस्त आणि मापालाही चोख. १९५८ साली सॅव्हेज कारखान्याच्या '११०' मध्ये नळी एका मोठ्या नटाने आवळून बसवली. त्यामुळे नळी आणि कडी यांच्यातले अंतर जुळवण्याचे नाजूक काम सोपे झाले. झगमगाट काढून टाकायचा, पण नळी आणि कडी यांत खोट ठेवायची नाही, हे या स्वस्त रायफलींचे मर्म.

आपल्या देशात आणखी एक अडचण होती. सैन्याची .३०३ ही बोअर खाजगी माणसाला मना. म्हणून बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने ली-एन्फील्डच्या कडीवरच .३१५ बोअरची शिकारी रायफल बनवली. परवानाधारकांच्या घरी ती पुष्कळ दिसे. लाडकी म्हणावी अशी नव्हे, पण देशी आणि देशी काडतुसावर चालणारी.

जुने जाणते शिकारी रायफल कशी पारखीत? आधी ती खांद्याला लावीत. डोळे मिटून लावली आणि उघडताच खाच व माशी एका रेषेत दिसली, तर दस्ता मापाचा. मग नळी उजेडाकडे धरून आत पाहात. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळून मिठासारखा क्षार मागे राही, आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरी. त्यावर उपाय घरगुती: उकळते पाणी ओतायचे, कोरडे पुसायचे, तेल लावायचे. मग लाकूड पाहात, कारण दमट हवेत फुगलेला दस्ता नळीला रेटतो आणि नेम सरकतो. शेवटी कागदावर सावकाश तीन-चार बार. सगळी भोके एका मुठीत मावली, पण मध्यापासून बाजूला पडली, तर हरकत नाही. खाच-माशी सरकवून भागते. चार दिशांना पांगली, तर बंदूक कितीही देखणी असो, परत द्यायची.

श्रोतेहो, हे सगळे आता इतिहासात जमा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची हौशी शिकार संपवली. आपल्या कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक ठेवणारे शेतकरी आहेत. त्यांनी एक लक्षात ठेवावे की, परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नव्हे. माणसाच्या जिवावर उठलेल्या वाघाबिबळ्याविषयी निर्णय करायचा तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने, गावाने नव्हे.

कॉर्बेटने स्वतः पुढे बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त वापरला. १९५५ साली तो केनियात वारला, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या राष्ट्रीय उद्यानाला आपण त्याचे नाव दिले. त्याच्या हाताला चंपावतला कळलेली गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. चुकलेली गोळी नाहीशी होत नाही. ती जखम होऊन रानात फिरत राहते, आणि एखाद्या दिवशी गवत कापणाऱ्या कुणा बाईच्या समोर येऊन उभी राहते.