हिमरूचे अभ्रे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी घरगुती, पण ऐतिहासिक लिहा" अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मला हसूच आले. इतिहास म्हणजे किल्ले, लढाया आणि सनावळ्या. घरगुती म्हणजे लोणची-पापड. ही दोन टोके जुळायची कशी? पण त्याच दुपारी बैठकीतल्या तक्क्यांचे अभ्रे काढायला बसले, आणि दोन्ही टोके माझ्या हातातच सापडली.

'अभ्रा' हा शब्दच पाहा ना. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा जोडीदार 'अस्तर'ही तिथूनच आला. वरचे दिसायचे ते अभ्रा, आतले झाकायचे ते अस्तर. तक्क्या आणि गिरदी हे शब्दही त्याच वाटेने आले. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत पांढऱ्या चादरीवर लोड-तक्के मांडलेले असत. सोफे आले, तक्क्यांच्या चौकोनी उशा झाल्या आणि त्यांना 'कुशन' म्हणू लागलो, इतकेच.

मी बोलते आहे ते अभ्रे हिमरूचे. आपले शहर मलिक अंबरने १६१० साली खडकी या नावाने वसवले. औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून १६५३ मध्ये दुसऱ्यांदा आला तेव्हापासून ते औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. मोगलांचा मुक्काम, त्यामागोमाग निजामाची राजधानी, म्हणजे उंची कापड वापरणारी माणसे येथे होती आणि विणणारेही होते. किनखाब म्हणजे रेशमावर सोन्याचांदीची जर. तो परवडायचा थोड्यांनाच. हिमरू म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा, पण सुती ताण्यावर रेशमी धाग्याची नक्षी काढलेला. 'हमरू' म्हणजे 'सारखा', अशी त्या नावाची फोड सांगतात. त्याचाच भाऊ मश्रू. मश्रू म्हणजे 'धर्माने मान्य'. निखळ रेशीम अंगाला लागू नये असा पुरुषांना निर्बंध होता, म्हणून वर रेशीम आणि आत सूत अशी ही तोड काढलेली. माणसाची हौस कशी वाट काढते पाहा!

हिमरूच्या मागावर दोघे लागत. एक खाली विणणारा, आणि दुसरा वर बसून जाळ्याचे दोरे ओढून नक्षी उठवणारा. वेलबुट्टीचा रंगीत धागा नक्षीपुरता वर येई. उरलेला वेळ तो कापडाच्या पाठीशी मोकळा, लोंबता राही. हे पाठीवरचे मोकळे धागे वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचे काम आहे.

राजधानी १७६३ साली हैदराबादला गेली आणि आश्रयदाते पांगले. तरी शेरवानीसाठी हिमरू मागवला जात असे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, आणि शेरवान्या शिवून घेणारे गिऱ्हाईकही सरले. मग विणकरांनी शाली, पलंगपोस आणि उशांचे अभ्रे याकडे अधिक लक्ष दिले. वेरूळ-अजिंठा पाहायला येणारे प्रवासी तेच घेऊन जात, म्हणून अजिंठ्याच्या चित्रांतली कमळे आणि हंसही हिमरूवर उतरले. दरबारात अंगावर मिरवणारे कापड तुमच्या-माझ्या पाठीशी आले, त्याची ही हकीकत.

माझ्या सासूबाईंना १९५१ साली लग्नात माहेरून असे चार अभ्रे मिळाले होते. किरमिजी जमिनीवर पिवळसर बुट्टी. ते वर्षातून दोनदाच बाहेर निघत, दसऱ्याला आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला.

मी १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी या घरात आले. पुढल्या दिवाळीआधी, सासूबाई शेजारी गेल्या असताना, आपण किती कामसू आहोत हे दाखवावे म्हणून मी एक अभ्रा चादरींबरोबर सोड्याच्या कढत पाण्यात टाकला आणि धोक्याने चांगला बडवला. बाहेर काढला तो त्याचे रूप पार गेलेले. सूत आखडले होते, रेशीम तितके आखडले नव्हते. सगळा अभ्रा वाळल्या पानासारखा चुणून गेला होता. बुट्टीची झळाळी मेली होती आणि किरमिजी रंग दोन चादरींवर पसरला होता. सासूबाई आल्या. त्यांनी अभ्रा उलटा केला, पाठीचे तुटलेले धागे बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, "अगं, हे सुती नव्हे आणि रेशमीही नव्हे. दोघांचं मन राखावं लागतं." त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. संध्याकाळी त्यांनी उरलेले तीन अभ्रे माझ्यासमोर ठेवले आणि यापुढे हे तूच धुवायचेस असे सांगितले.

त्यांनी शिकवले ते असे. आधी अभ्रा उलटा करून सावलीत हलक्या हाताने झटकायचा. तेलकट डोक्याचा डाग असेल तर त्यावर डाळीचे पीठ दाबून रात्रभर ठेवायचे. पीठ तेल ओढून घेते. मग हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढायच्या, कारण पाठीवरच्या त्या मोकळ्या धाग्यांत काही अडकले की नक्षीच निसटते. आठ-दहा रिठे आदल्या रात्री भिजवून, कुस्करून, गाळून घ्यायचे. एक कोपरा आधी ओला करून पांढऱ्या फडक्याने टिपायचा. फडक्याला रंग लागला तर धुण्याचा नादच सोडायचा आणि नुसते झटकून, वारे देऊन भागवायचे. रंग पक्का असेल तर गार पाण्यात बुडवून केवळ दाबायचे. चोळायचे नाही, आपटायचे नाही.

रिठाच का, हे मला पुढे कळले. सोड्याचा खार सुताला सोसतो, रेशमाला सोसत नाही. रेशीम लोकरीसारखेच प्राण्याच्या देहातून येणारे, खाराने ते झिजते. शिवाय आमच्या विहिरीचे पाणी जड. जड पाण्यात साबण फुटतो आणि त्याचा चिकट साका धाग्यांवर बसून झळाळी मारतो. रिठ्याच्या फेसाचा असा साका होत नाही. शेवटच्या पाण्यात लिंबाचा गाळलेला रस टाकला की उरलासुरला खार जाऊन रेशमाला तेज येते. पिळायचे मुळीच नाही. जुन्या धोतरात गुंडाळून पाणी टिपायचे आणि सावलीत आडवे पसरायचे. इस्त्री उलट्या बाजूने, बेताची, पाणी न शिंपडता. थेंबांचे डाग रेशमावर राहतात.

अलीकडच्या हिमरूत बहुधा खऱ्या रेशमाऐवजी कृत्रिम रेशीम असते. ते स्वस्त म्हणून धसमुसळेपणा करू नये. रेयॉन भिजला की फार दुबळा होतो, आणि धागा तुटतो तो ओला असतानाच.

उशीचा कापूस मात्र धुवायचा नाही, त्याला ऊन द्यायचे. अभ्र्याला सावली आणि कापसाला ऊन, हा सासूबाईंचा नियम. आमच्या तक्क्यांत सावरीचा कापूस होता. त्याचे गोळे झाले की दसऱ्याआधी पिंजारी बोलवायचा. त्याच्या पिंजणाचा टणत्कार गल्लीत घुमला की पोरे गोळा होत आणि घरभर कापूस उडे. आताच्या कृत्रिम तंतूंच्या उशा धुतल्या तरी चालतात, पण त्या आतपर्यंत वाळल्याशिवाय अभ्रे चढवू नयेत, कुबट वास येतो.

ठेवणीच्या अभ्र्याला खळ कधीही देऊ नये, कसरीला ते आयते जेवणच होते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावा, शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवावी, आणि दर वेळी घडी निराळ्या ठिकाणी घालावी. तीच घडी वर्षानुवर्षे राहिली की कापड तिथेच चिरते. आमचा एक अभ्रा असाच गेला, तोही माझ्याच देखरेखीखाली.

राहिले दोन, आणि तो चुणलेला. त्यासारखा हिमरू हाताने विणणारे आता शहरात मोजकेच आहेत. चुणलेला अभ्रा टाकून द्यायला सासूबाईंनी ठाम नकार दिला होता. पाठीचे तुटके धागे झाकायला त्यांनी त्याला मांजरपाटाचे अस्तर लावले आणि त्याच्या मापाची एक लहान उशी भरून घेतली. मंडळाच्या हळदीकुंकवाला ज्या पाहुणीची पाठ दुखते तिला आपण ती उशी देतो, हे बहुतेक भगिनींना ठाऊक असेल. तिच्यावर डाग पडला तर कृपा करून तिथल्या तिथे ओल्या फडक्याने घासू नका, मला सांगा. यंदा तिचे अस्तर विरले आहे, ते नवरात्राआधी बदलायचे आहे.